नॅन्सी पेलोसी निवृत्त होतेय, तुमचं मत काय?

रानवारा

६ नोव्हेंबर २०२५ ला नॅन्सी पेलोसीने व्हिडिओ टाकून जाहीर केलं की २०२६ ची निवडणूक लढवणार नाही. १९८७ पासून सॅन फ्रान्सिस्कोची खासदार, दोनदा स्पीकर म्हणजे प्रतिनिधीगृहाची अध्यक्ष, तेव्हा वय ८५. तेव्हापासून आपल्या लोकांच्या गप्पा ऐकतेय, तर तिचा विषय निघाला की दोनच गोष्टी, ट्रम्पच्या भाषणाचे कागद फाडले ती आणि नवरा शेअरबाजारात कमावतो ती. मला हे फार खटकलं म्हणून धागा काढतेय.

माझं मत सरळ आहे. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात तिच्या तोडीचा स्पीकर झाला नाही. "महिलांमध्ये" वगैरे नाही, एकूणात. आणि हे पटायला तिथली पद्धत आधी बघावी लागते. आपल्या लोकसभेचा अध्यक्ष निदान कागदोपत्री तरी पक्षापासून लांब असतो. तिथला स्पीकर म्हणजे बहुमतवाल्या पक्षाचा म्होरक्याच, कुठलं बिल मतदानाला आणायचं आणि कुठलं कपाटात ठेवायचं ते तोच ठरवतो. पण त्याच्या हातात आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. आपल्याकडे १९८५ पासून व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. तिथे काहीच होत नाही, उलट तो खासदार मतदारसंघात जाऊन छाती काढून सांगतो की बघा मी पक्षालाही जुमानत नाही. त्यामुळे ४३५ च्या सभागृहात बहुमताची २१८ मतं जमवायची म्हणजे २१८ माणसांना एकेक करून गाठायचं, कुणाला काय हवंय, कुणाची सीट धोक्यात आहे, कुणाला खरंच विरोधात मत देऊ द्यायला हवं, हे सगळं डोक्यात ठेवायचं.

ओबामाकेअरचंच बघा, म्हणजे ओबामांच्या आरोग्यविम्याच्या कायद्याचं. नोव्हेंबर २००९ मध्ये तिने पहिलं बिल २२० विरुद्ध २१५ ने काढलं. त्यासाठी मिशिगनच्या बार्ट स्टुपॅकची गर्भपाताविरोधी दुरुस्ती मतदानाला येऊ द्यावी लागली. ती स्वतः गर्भपाताच्या हक्काची कट्टर समर्थक, सोबतच्या महिला खासदार भयंकर चिडल्या, पण त्याशिवाय आकडा गाठला जात नव्हता. मग जानेवारी २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्सची टेड केनेडींची सीट रिपब्लिकन स्कॉट ब्राऊनने जिंकली आणि सिनेटमधली ६० मतं गेली, म्हणजे विरोधकांची अडवणूक मोडायला वरच्या सभागृहात लागतात ती. ओबामांचे चीफ ऑफ स्टाफ रॅम इमॅन्युएल वगैरे म्हणायला लागले की छोटं काहीतरी पास करून मोकळे होऊ. ही अडून बसली. सिनेटने डिसेंबरात पास केलेलं बिल आहे तसं घ्यायचं आणि दुरुस्त्या बजेटच्या वाटेने करायच्या, कारण तिथे ६० लागत नाहीत, असं ठरलं आणि २१ मार्च २०१० ला २१९ विरुद्ध २१२. स्वतःचेच ३४ डेमोक्रॅट विरोधात, एकही रिपब्लिकन बाजूला नाही, तरी पास.

हे येतं कुठून तर बाल्टिमोरच्या लिटल इटलीतून. वडील थॉमस डालेसांड्रो आधी खासदार, मग १९४७ ते १९५९ महापौर. घरात लोकांची रीघ, कुणाला नोकरी हवी, कुणाला घर, कुणाला हॉस्पिटलात खाट. कुणाचं काय काम केलं याची घरात नोंद ठेवली जायची आणि शाळकरी वयातच नॅन्सी ते काम शिकली. आई वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडून संसारात अडकलेली, पण नवऱ्याच्या राजकारणात बायकांची फळी उभी करायचं काम तिचं.

तुम्हाला काय वाटतं? नुसतं "भ्रष्ट आहे" लिहून जाऊ नका, मुद्दा लिहा.

अण्णा_सातारकर

मुद्दा लिहितो. पहिला म्हणजे तुम्ही जे कौतुकाने सांगितलंत त्याला आपण इकडे घराणेशाही म्हणतो. वडील महापौर, भाऊ महापौर (१९६७ ते ७१), आणि ही खासदार. आपल्याकडच्या लेकींना आपण नावं ठेवतो आणि अमेरिकेतल्या लेकीचं कौतुक, हे काही बरोबर नाही.

दुसरा मुद्दा शेअरचाच, आणि तो तुम्ही असा झटकू शकत नाही. नवरा पॉल पेलोसी गुंतवणूकदार, टेक कंपन्यांमध्ये मोठे व्यवहार. बायको त्याच कंपन्यांवर कायदे करणाऱ्या सभागृहाची प्रमुख. २०२२ मध्ये कॉम्प्युटर चिप्स बनवणाऱ्या कंपन्यांना सरकारी पैसा देणारं बिल येत होतं आणि त्याच सुमारास पॉलच्या एनव्हिडियाच्या व्यवहाराची बोंब झाली. आणि डिसेंबर २०२१ मध्ये पत्रकाराने विचारलं की खासदारांना शेअर घ्यायला बंदी घालावी का, तर ही म्हणाली की आपली अर्थव्यवस्था मुक्त बाजाराची आहे, त्यांनाही त्यात भाग घेता आला पाहिजे. हे उत्तर एखाद्या ब्रोकरने दिलं असतं तर चाललं असतं. ज्या बाईच्या हातात सभागृहाचा अजेंडा आहे तिने द्यायचं हे उत्तर आहे का?

रानवारा

अण्णा, घराणेशाहीचं अर्धंच बरोबर आहे. बाल्टिमोरमध्ये उभी राहिली असती तर मान्य. पण ती लग्नानंतर १९६९ ला सॅन फ्रान्सिस्कोला गेली, तिथे डालेसांड्रो हे नाव कुणाला ठाऊक असणार. सहा वर्षांत पाच मुलं, त्यांना वाढवताना पक्षाची प्रचारपत्रं पाकिटात भरणं, घरी निधीसाठी मेळावे, मग १९८१ ते ८३ कॅलिफोर्निया डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्ष. पहिली निवडणूक लढवली तेव्हा ४७ वर्षांची होती. वडिलांची सीट कुणी ताटात वाढून दिली नाही.

एनव्हिडियाचं म्हणाल तर तो शेअर पॉलने मतदानाच्या आधी विकला आणि तोट्यात विकला. तिच्या स्वतःच्या नावावर शेअर नाहीत असं ती पहिल्यापासून सांगते, आणि शेअरच्या व्यवहारांत पॉलवर आजवर कुठला गुन्हा सिद्ध झालेला नाही.

पूर्वा_बे_एरिया

मी तिची मतदार आहे, सॅन फ्रान्सिस्कोतच राहते, आणि मी रानवाराच्या विरोधात लिहिणार आहे. "ताटात वाढून दिली नाही" हे पूर्ण खरं नाही हं. ही सीट आधी फिलिप बर्टनची, तो १९८३ मध्ये गेला, मग त्याची बायको साला बर्टन. साला कॅन्सरने आजारी असताना तिने नॅन्सीचं नाव पुढे केलं आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये वारली. समोर कोण होता तर हॅरी ब्रिट, उघडपणे गे असलेला नगरसेवक हार्वी मिल्क याच्या खुनानंतर त्याच्या जागी नेमलेला गे नगरसेवक. १९८७ चं सॅन फ्रान्सिस्को म्हणजे एड्सने माणसं पटापट मरत होती, त्या शहराला आपल्यातला माणूस वॉशिंग्टनला पाठवायची संधी होती आणि पैसा, ओळखी, पक्षाची यंत्रणा हे सगळं नॅन्सीकडे होतं म्हणून ती थोडक्यात जिंकली.

मतं मोजते हे खरंय. पण कशासाठी मोजते ते पण बघा. २००६ मध्ये इराक युद्धाच्या रागावर लोकांनी डेमोक्रॅट्सना बहुमत दिलं. २००२ मध्ये हिने स्वतः युद्धाच्या विरोधात मत दिलं होतं, ते धाडसाचं होतं, ते मी कधीच नाकारणार नाही. पण स्पीकर झाल्यावर मे २००७ मध्ये युद्धाच्या पैशाचं बिल आलं तेव्हा तिने स्वतः विरोधात मत दिलं आणि बिल मात्र मतदानाला आणून पास होऊ दिलं. जी बाई बिल कपाटात ठेवू शकते तिने ते बाहेर काढलं याचा अर्थ काय घ्यायचा? लोक युद्धात मरत होते आणि इकडे हिशोब २००८ च्या निवडणुकीचा.

माहीमचा_मुलगा

पूर्वा +१. खुर्ची सोडत नाही हा तर मोठाच मुद्दा. २०१० ला ६३ जागा गेल्या, तरी नेता हीच. २०१२, २०१४, २०१६ तिन्ही निवडणुकांत बहुमत नाही, तरी हीच. २०१६ मध्ये पक्षातलाच टिम रायन नेतेपदासाठी समोर उभा राहिला तर त्याला ६३ मतं आणि हिला १३४. कंपनीत असा रेकॉर्ड असता तर?

दक्षिणायन

मी डॅलसहून लिहितेय. ६३ जागा गेल्या त्याच बिलामुळे आमचं घर उभं राहिलं म्हणून लिहावंसं वाटतंय. नवऱ्याला तिशीतच डायबेटिस निघाला. त्याला नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचं होतं, पण नोकरी सोडली की विमा गेला आणि खासगी विमा कंपनी सरळ नकार द्यायची, आधीपासून आजार आहे म्हणून. आजारी माणसाला विमा नाही आणि निरोगी माणसाला भरपूर, असा तो धंदा होता. २०१४ पासून आजार आहे म्हणून नाकारायची सोय बंद झाली, आम्ही त्याच वर्षी विमा घेतला आणि त्याने नोकरी सोडली. आता त्याच्याकडे सहा लोक कामाला आहेत.

हप्ते महाग आहेत, टेक्सासने मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, वाढवलंच नाही त्यामुळे आमच्याकडे गरीब माणूस अजून अधांतरीच आहे, हे सगळं मला रोज दिसतं. पण ज्या ६३ जागा गेल्या त्यातल्या कित्येकांना मत देतानाच माहीत होतं की आपण घरी जाणार. तरी दिलं. त्यांच्याकडून ते मत कुणीतरी मिळवलं ना? माझ्या दृष्टीने सत्ता मिळवायची ती याच्यासाठीच.

गणिताचा_मास्तर

दक्षिणायन ताई, तुमचा प्रतिसाद फार आवडला. पण "ती मोजण्यात कधी चुकत नाही" ही जी दंतकथा झालीय तिला एक मोठा अपवाद आहे, तो लिहायलाच हवा.

२९ सप्टेंबर २००८. बँका बुडतायत, बुश सरकार त्यांना वाचवायला ७०० अब्ज डॉलरचं बेलआउट मागतंय, राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन आणि स्पीकर पेलोसी. बिल मतदानाला आणलं आणि पडलं! २०५ बाजूने, २२८ विरोधात. डाऊ हा शेअरबाजाराचा निर्देशांक एका दिवसात ७७७ अंकांनी कोसळला. डेमोक्रॅट १४० बाजूने आणि ९५ विरोधात, रिपब्लिकन फक्त ६५ बाजूने आणि १३३ विरोधात. मतदानाच्या आधी तिने बुशच्या आर्थिक धोरणावर कडक भाषण केलं आणि मग रिपब्लिकन नेते म्हणाले की त्या भाषणामुळे आमची माणसं बिथरली. ती सबब मला पटत नाही, भाषण ऐकून माणूस जगाची बँक व्यवस्था बुडू देत असेल तर दोष त्या माणसाचा. पण जोरजबरदस्तीने मत मागावं असा हा दिवस होता आणि तिने स्वतःच्या ९५ जणांना मोकळं सोडलं, कारण बुशच्या बिलाचं पाप एकट्या डेमोक्रॅट्सच्या माथी नको होतं. चार दिवसांनी ३ ऑक्टोबरला तेच बिल थोडे बदल करून पास झालं. माझ्या मते तिच्या पद्धतीची मर्यादा इथे दिसते, समोरचा पक्ष आपली मतं आणेल या भरवशावर ती राहिली आणि त्याने आणली नाहीत.

रानवारा

मास्तर, उत्तम मुद्दा. पण म्हणूनच २०१० मध्ये तिने समोरच्या एकाही मताची आशा धरली नाही, असं मला वाटतं.

माहीमचा_मुलगा, टिम रायनला ६३ मिळाली, बरोबर, पण मग २०१८ चं का नाही सांगत? ४० जागा वाढवून बहुमत आणलं. त्याच वेळी पक्षातल्याच १६ जणांनी पत्र काढलं की आम्ही हिला मत देणार नाही. ओहायोच्या मार्शा फज तिच्याविरुद्ध उभं राहायचा विचार करत होत्या, त्यांना मतदान हक्कावरची उपसमिती देऊ केली आणि त्या थांबल्या. बाकीच्या गटाला लेखी सांगितलं की चार वर्षांपेक्षा जास्त राहणार नाही. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये खरंच बाजूला झाली, हकीम जेफ्रीजला जागा दिली. शब्द दिला तो पाळला. असं पायउतार होणारे नेते तुम्हाला आठवत असतील तर सांगा.

पूर्वा_बे_एरिया

पायउतार झाली खरी, पण पडद्यामागून हात काढला नाही! २०२४ च्या डिसेंबरमध्ये ओव्हरसाइट कमिटीवर, म्हणजे सरकारवर देखरेख ठेवणाऱ्या समितीवर, पक्षाचा प्रमुख कोण, यावर मतदान होतं. एका बाजूला ३५ वर्षांची अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ, दुसऱ्या बाजूला ७४ वर्षांचे जेरी कॉनोली, ज्यांना त्याच वर्षी अन्ननलिकेचा कॅन्सर झाल्याचं निघालं होतं. पेलोसीने कॉनोलींसाठी फोन फिरवले. १३१ विरुद्ध ८४ ने कॉनोली जिंकले आणि मे २०२५ मध्ये ते वारले. कॉनोलींबद्दल मला आदरच आहे, चांगला खासदार होता. पण जिचं सगळं आयुष्य पुढचं बघण्यात गेलं तिने हा निर्णय घ्यावा याचा मला राग येतो, अजूनही येतो. जुलै २०२४ मध्ये बायडेनना वय झालं हे सांगणारी हीच, टीव्हीवर जाऊन म्हणाली की लढायचं की नाही ते राष्ट्राध्यक्षांनी ठरवायचंय आणि वेळ कमी आहे, तेही बायडेन "मी लढणार" म्हणून आधीच सांगून बसलेले असताना. मग तोच नियम पाच महिन्यांनी कुठे गेला?

अण्णा_सातारकर

आणि शेअरबंदीचं बिल? त्याचं उत्तर अजून आलं नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तिच्याच पक्षाने मसुदा काढला, बहुमत तिचं, तारीख ठरवणारी ती, आणि निवडणुकीआधी मतदान झालंच नाही. रानवारा तुम्हीच वर लिहिलंय की स्पीकर ठरवतो काय कपाटात राहील.

डेट्रॉईटकर

इथे कुणी श्री ठाणेदारांचं नाव अजून कसं काढलं नाही? चिकोडीचा जन्म, बेळगावात वाढले, आणि २०२२ मध्ये आमच्या मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघातून निवडून आले. माझा मुद्दा त्यांच्या कौतुकाचा नाही. मे २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्पविरुद्ध महाभियोगाचा ठराव आणला, मतदान लावतोच म्हणाले, आणि स्वतःच्या पक्षाच्या नेत्यांनीच विरोध केला म्हणून शेवटी मागे घ्यावा लागला.

आता पेलोसीने हेच कसं केलं बघा. २०१९ चं पूर्ण वर्ष पक्षातले लोक महाभियोग महाभियोग म्हणून ओरडत होते, रशियाच्या निवडणूक-ढवळाढवळीच्या चौकशीचा मुलर रिपोर्ट आला तरी ही नाहीच म्हणत राहिली, कारण ट्रम्पच्या भागातून निवडून आलेले नवे डेमोक्रॅट तयार नव्हते. सप्टेंबरमध्ये ट्रम्पने युक्रेनच्या राष्ट्राध्यक्षांना केलेला फोन बाहेर आला, त्या नव्यांपैकी सात जणांनी, सगळे लष्कर नाहीतर गुप्तचर खात्यातून आलेले, वर्तमानपत्रात लेख लिहिला की आता व्हायला पाहिजे, आणि दुसऱ्याच दिवशी पेलोसीने चौकशी जाहीर केली. १८ डिसेंबरला ठराव पास. ठराव कुणीही लिहितो, तो कुठल्या दिवशी पास होईल हे ओळखणं वेगळं काम आहे. आमच्या ठाणेदारांनी ते तिच्याकडून शिकायला हवं होतं, तिच्या नेतेपदाच्या काळात ते तिथे नव्हते हे दुर्दैव.

माहीमचा_मुलगा

पण सिनेटने सोडलंच ना ट्रम्पला. दोन्ही वेळा.

डेट्रॉईटकर

सोडलं. शिक्षेला ६७ लागतात, ती स्पीकरच्या हातात नसतात. पण दुसऱ्या वेळी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, सात रिपब्लिकन सिनेटर फुटले, राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या पक्षाचे इतके लोक पूर्वी कधीच फुटले नव्हते.

निळाईत

एड्सचा विषय पूर्वाने काढला आणि अर्धवट सोडला, तो पूर्ण करते. हॅरी ब्रिट हरला हे मलाही लागतं. पण निवडून आल्यावर शपथ घेतली त्या दिवशी तिला सांगितलं होतं की दोन शब्द बोल आणि बस, तर ती सभागृहात म्हणाली की मी इथे एड्सशी लढायला आलेय. १९८७ साली. राष्ट्राध्यक्ष रेगन होते आणि त्या रोगाचं नाव घ्यायला सत्तेतली माणसं कचरत होती. सोबतच्या खासदारांनी तिला विचारलं की पहिल्याच दिवशी हे कशाला बोललीस. त्याच ऑक्टोबरमध्ये मेलेल्यांच्या नावांची ती प्रचंड गोधडी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर अंथरायची होती, गवत खराब होईल म्हणून अधिकारी कुरकुरत होते, आणि परवानगी मिळवण्यात ती पुढे होती. १९९० मध्ये रायन व्हाइट कायदा झाला, त्यातून आजतागायत एचआयव्हीच्या रुग्णांना औषधं मिळतात, त्यातही तिचं काम आहे.

मी मुंबईत एचआयव्हीवर काम करणाऱ्या संस्थेत बरीच वर्षं आहे. आमच्याकडे त्या काळात दवाखान्यात पेशंटला हात लावायला लोक तयार नव्हते. पहिल्या दिवशी नवीन खासदार हा शब्द मोठ्याने उच्चारते याचं मोल मला कळतं, आणि ते कुठल्याही शेअरच्या हिशोबात मावत नाही.

अण्णा_सातारकर

निळाईत ताई, मान्य. एक गोष्ट मीही तिच्या बाजूने सांगतो. १९९१ मध्ये बीजिंगला गेली तेव्हा तिआनमेन चौकात जाऊन लोकशाहीसाठी मेलेल्यांच्या नावाने बॅनर धरला, पोलीस धावून आले. मार्च २००८ मध्ये ल्हासात गोळीबार झाला तर लगेच धर्मशालेला दलाई लामांकडे, आणि जून २०२४ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी परत. चीनच्या बाबतीत ती तीस वर्षं एका जागी उभी आहे, व्यापाराच्या लोभाने दोन्ही पक्ष वाकले तेव्हासुद्धा. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. जी बाई बीजिंगच्या पोलिसांना घाबरली नाही तिला शेअरबंदीचं बिल मतदानाला आणायला काय अडचण होती?

रानवारा

अण्णा, तुमचा प्रश्न टाळत नाही. ते बिल मतदानाला यायला हवं होतं, याबाबत माझं-तुमचं भांडण नाही, आणि २०२५ मध्ये तिने बंदीला पाठिंबा दिला तो फार उशिरा. पण माझं म्हणणं एवढंच की एका न आणलेल्या बिलाने २१९ मतांचं बिल पुसलं जात नाही. २०२१ मध्ये तर तिच्याकडे २२२ जागा होत्या, चार-पाच जण फुटले की संपलं, आणि त्या बहुमतावर नोव्हेंबरमध्ये रस्ते-पुलांचं बिल, पुढच्या ऑगस्टमध्ये हवामान आणि औषधांच्या किमतीचं बिल. इन्सुलिनला मेडिकेअरमध्ये (म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात) महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा त्यातच आली. दक्षिणायनच्या घरी विचारा याचा अर्थ काय.

पूर्वा_बे_एरिया

रस्ते-पुलांचं बिल ऑगस्टपासून अडवून धरलं ते प्रमिला जयपाल आणि त्यांच्या डाव्या डेमोक्रॅट खासदारांच्या गटाने, म्हणून हवामानाचा मुद्दा तरी जिवंत राहिला, नाहीतर पेलोसीने सप्टेंबरमध्येच रस्ते पास करून विषय मिटवला असता. तेही श्रेय वाटून द्या.

आणि तिच्या जागेसाठी जून २०२६ च्या प्राथमिक फेरीत मी कुणाला मत देणार ते सांगते. स्कॉट विनर उभा आहे, सैकत चक्रबर्ती उभा आहे, सैकत तर तिने जाहीर करायच्या कितीतरी आधी, फेब्रुवारी २०२५ मध्येच उतरला. अजून ठरवलं नाही. पण दोघांना पहिला प्रश्न मी शेअरबंदीचा विचारणार आहे आणि दुसरा, २१८ कुठून आणणार, नावं सांगा.

दक्षिणायन

दुसरा आधी विचार ग.